मुरुमांच्या खड्ड्यांसाठी लेझर : खुर्चीत बसण्याआधी एवढं वाचा

पहिल्या भेटीत बरेच जण मोबाइलमधला एखादा फोटो पुढे करतात. "डॉक्टर, एवढं गुळगुळीत होईल ना?" त्या फोटोला फिल्टर लावलेलं असतं. म्हणून आधीच सांगतो, तेवढं गुळगुळीत होणार नाही. खड्डे उथळ होतात, त्यांच्या कडा बोथट होतात, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की गालावर ज्या सावल्या पडतात त्या कमी होतात. खड्डा मुळात नव्हताच, असं कोणी म्हणणार नाही. पण समोर बसलेल्या माणसाची नजर तिथे अडकायची थांबते. हे कसं घडतं आणि त्यात तुमचा वाटा किती, ते सांगायला हे पत्रक.

यंत्र काय करतं

आमच्याकडचं यंत्र कार्बन डायऑक्साइड लेझरचं आहे. याचा किरण १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. चेहऱ्यावर लाल ठिपका दिसतो तो फक्त नेम धरण्यासाठी असतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

हा किरण पाण्याला सोडत नाही. आपल्या त्वचेत भरपूर पाणी असतं. किरण पडला की ते पाणी क्षणात उकळतं आणि तेवढ्या जागेची त्वचा वाफ होऊन उडते. हे सगळं सेकंदाच्या अगदी बारीक अंशात उरकतं, त्यामुळे आजूबाजूला फार उष्णता पसरत नाही. जी थोडी पसरते ती कामाचीच असते. त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजनचे धागे तिने आखडतात, आणि जखम झाली असं समजून शरीर तिथे नवीन धागे विणायला घेतं. खड्डा खालून भरून येतो तो या विणकामामुळे. लेझर फक्त ठरवून, मोजून बारीक इजा करतो. दुरुस्ती तुमचंच शरीर करतं, आणि ते आपल्या गतीने करतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण आम्हा बारामतीकरांना ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार केला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या सरकारी कॉलेजातली, १९५८ सालची.

थालीपिठाची भोकं

पूर्वी याच लेझरने चेहऱ्याची वरची अख्खी साल काढत. परिणाम जोरदार यायचा, पण पुढचे दोन आठवडे चेहरा ओला, सोलल्यासारखा, आणि लाली कित्येक महिने. शिवाय सावळ्या त्वचेवर काळे-पांढरे चट्टे उमटण्याची धास्ती वेगळीच. २००४ साली बोस्टनच्या डिटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन या त्वचातज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेगळी वाट मांडली. तिला फ्रॅक्शनल म्हणतात.

थालीपीठ थापल्यावर आपण बोटाने भोकं पाडतो, तेल आत उतरावं म्हणून. भोकांच्या मधलं पीठ जसंच्या तसं राहतं, म्हणून थालीपीठ उचलताना तुटत नाही. इथेही तसंच. किरण जाळीच्या ठिपक्यांसारखा पडतो. एकेक भोक डोळ्यांना धड दिसणार नाही इतकं बारीक, आणि दोन भोकांच्या मधली त्वचा शाबूत. ही शाबूत त्वचा शेजारून सरकत येते आणि भोक बुजवते. म्हणून वरची जखम आठवड्याभरात मिटते. एका वेळी चेहऱ्याच्या थोड्याच भागाला हात लागतो, आणि त्याच कारणाने एका सत्रात काम भागत नाही. साधारण तीन ते पाच सत्रं लागतात, दोन सत्रांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवून.

आपला रंग

परदेशी व्हिडिओ पाहून कोणी "जरा जोरात मारा, एकदाच होऊन जाऊ दे" म्हणालं तर आम्ही ऐकत नाही. आपल्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असतं. उन्हापासून ते आपल्याला वाचवतं, पण इजा झाली की तेच चवताळतं आणि त्या जागी काळा डाग सोडून जातं. डास चावल्यावर किंवा पोळल्यावर तुमच्या अंगावर काळा डाग महिनोन्‌महिने राहत असेल, तर तुमचा चेहराही तसंच वागेल असं आम्ही धरून चालतो. भोकं विरळ ठेवतो, जोर बेताचा ठेवतो, एखादं सत्र जास्त झालं तरी चालेल. शंका असेल तर आधी कानामागे छोटी जागा करून पाहतो आणि चार आठवडे थांबतो.

कोणाला नाही म्हणतो

वांग असेल तर या लेझरला नाही. वांगाला उष्णता मानवत नाही, ते आणखी गडद होऊ शकतं. "खड्ड्यांबरोबर वांगाचंही करून टाका" ही मागणी आठवड्यातून एकदा तरी येते आणि आम्ही ती दर वेळी परतवतो.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूब लावत असाल तर लपवू नका. यातल्या अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते आणि अशा त्वचेवर लेझर म्हणजे आगीत तेल. आधी ती ट्यूब सोडवायची. सोडली की सुरुवातीला चेहरा लाल होतो, मुरुमं उसळतात, म्हणून लोक पुन्हा तिच्याकडेच वळतात. ती सोडवणं हे खरं तर लेझरपेक्षा अवघड काम आहे, पण तेवढं झाल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

जखमेच्या जागी उंच, टणक गाठ येण्याची सवय असेल, ओठाजवळ तापाच्या पुळ्या उठत असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, मधुमेह असेल, दिवस गेले असतील, हे सगळं सांगा. काहींना फक्त आधी औषध द्यावं लागतं, काहींना थांबावं लागतं. आणि ताजी, पिकलेली मुरुमं असतील तर आधी ती आटोक्यात आणू. नवे खड्डे पडत असताना जुने बुजवण्यात अर्थ नाही.

सगळे खड्डे सारखे नसतात

तपासताना आम्ही खोलीतला दिवा मालवून बाजूने टॉर्च धरतो. तेव्हा कळतं कोणता खड्डा कसला आहे. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे लेझरला फारशी दाद देत नाहीत. तिथे काडीने तीव्र अ‍ॅसिडचा थेंब खोलात सोडतो. लाटांसारखे पसरट खड्डे खालच्या दोऱ्यांनी आत ओढलेले असतात. ते दोरे सुईने मोकळे करावे लागतात. कांजिण्यांच्या व्रणांसारखे, काठ असलेले उथळ खड्डे मात्र लेझरचेच. बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार असतात, त्यामुळे उपचारही मिसळूनच होतो.

त्या दिवशी

चेहरा धुऊन बधिरतेचं क्रीम जाडसर लावतो आणि तासभर बसवतो. डोळ्यांवर झाकणं ठेवतो. मग टक्‌टक्‌ आवाज, रबर ओढून सोडल्यासारखे चटके, आणि केस जळल्यासारखा वास. वास तुमच्याच त्वचेचा असतो, तो खेचून घ्यायला शेजारी नळी धरलेली असते. गालांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नंतर दोन-तीन तास चेहऱ्याला मिरची लागल्यासारखी आग होते; थंड ओल्या पट्ट्यांनी ती उतरते. येताना दुचाकी चालवत एकटे येऊ नका.

पुढचा आठवडा

पहिल्या दिवशी चेहरा लाल आणि थोडा सुजलेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसू लागते आणि हात फिरवला तर रवा चिकटल्यासारखं लागतं. या बारीक खपल्या आहेत. त्या पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत आपोआप गळतात. नखाने काढल्या तर तिथे डाग पडतो, यात अपवाद फार कमी. चेहरा कोरडा पडू द्यायचा नाही, साधं पेट्रोलियम जेली दिवसातून चार-पाच वेळा. हळद, चंदन, कोरफड, लिंबू, घरात जे जे सुचवलं जाईल ते सगळं या आठवड्यात बाजूला. पू, वाढत जाणारं दुखणं किंवा पुळ्यांचा झुबका दिसला तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

उन्हाचं वेगळं सांगतो. आमच्याकडच्या एका ताईंचं सगळं व्यवस्थित झालं होतं. सातव्या दिवशी उसाला पाणी द्यायला त्या तासभर शेतात गेल्या, पदर डोक्यावर होता, क्रीम नव्हतं. पंधरा दिवसांत दोन्ही गालांवर काळपटपणा आला आणि तो उतरायला चार महिने लागले. खपल्या गळाल्या की एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, दर तीन तासांनी, घरात असलात तरी. गाडीवर स्कार्फ बांधा, पण सुती, धुतलेला आणि सैल.

लग्न असेल तर

नवे धागे विणण्याचं काम शेवटच्या सत्रानंतरही तीन ते सहा महिने चालू राहतं. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर आमच्याकडे दिवाळीत येऊन उपयोग नाही, त्याच वर्षीच्या होळीच्या सुमाराला या. लग्नाला महिना उरला असेल तर आम्ही सत्र देत नाही, मुलीच्या आईने कितीही गळ घातली तरी.

एका सत्राचा दर काउंटरवर लिहून लावलेला आहे. सगळ्या सत्रांचे पैसे आगाऊ घेत नाही, कारण दुसऱ्या सत्रानंतर फरक दिसला नाही तर थांबायचा हक्क तुमचा आहे. फरक ओळखायला दर वेळी त्याच खिडकीपाशी, त्याच बाजूने फोटो काढतो. ते तुमच्या लेखी परवानगीशिवाय कोणाला दाखवत नाही.

पहिल्या भेटीला मेकअप न करता या. घरी लावत असलेल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून आणा, अर्ध्या पिळलेल्या आणि लेबल निघालेल्यासुद्धा.