ऊठसूट ढगफुटी

कुठे नदी पात्राबाहेर पडली की तासाभरात बातमी झळकते : ढगफुटीसदृश पावसाने हाहाकार! पाठोपाठ ही ढगफुटी कुणीतरी मुद्दाम घडवून आणल्याचे संदेशही फिरू लागतात. वास्तविक ढगफुटीला व्याख्या आहे. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस कोसळला, तर ती ढगफुटी. डोंगरातल्या ओढ्याकाठच्या वस्तीचा ती घास घेऊ शकते. पण चार-पाच जिल्हे एकदम पाण्याखाली गेले असतील, तर ते पाप तिच्या माथी मारता येत नाही.

हिशेबच करून बघा. 25 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 25 लाख घनमीटर पाणी. तेवढाच पाऊस दिवसभर रेंगाळत 10,000 चौरस किलोमीटरच्या पाणलोट क्षेत्रावर पडला, तर ते होतं 100 कोटी घनमीटर. चारशेपट! धरणांच्या भाषेत सुमारे 35 टीएमसी, म्हणजे 35 अब्ज घनफूट. आणि दिवसाला 100 मिलिमीटर हा काही जगावेगळा पाऊस नव्हे. हवामान विभागाच्या प्रतवारीत याच्याही वर दोन पायऱ्या आहेत, त्या 115.6 आणि 204.5 मिलिमीटरपासून सुरू होतात.

आता, पडलेलं सगळंच पाणी नदीत येत नाही. किती येतं हे ठरतं जमिनीवर, आणि पुराच्या शास्त्रातला सगळ्यांत सुंदर भाग माझ्या मते हाच आहे. चांगल्या मातीच्या आकारमानात 40 ते 50 टक्के जागा पोकळ्यांची असते. उन्हाळ्याच्या शेवटी त्यात बहुतांश हवा असते. पहिले पाऊस ही हवा हुसकावून तिची जागा घेतात. समजा, एखाद्या उतारावर 150 मिलिमीटर पाणी मुरायला जागा आहे. मग 100 मिलिमीटरचा पाऊस ती जमीन मुकाट्याने गिळते आणि नदीला फारसा पत्ताही लागत नाही. महिनाभराच्या झडीनंतर तिथे 20 मिलिमीटरचीच जागा उरली असेल, तर त्याच पावसातले 80 मिलिमीटर वाहून जाणार.

हे सगळीकडे एकाच वेळी होत नाही, खरी मेख तिथे आहे. उतारावर मुरलेलं पाणी मातीच्या आतून हळूहळू खाली सरकतं आणि ओढ्याकाठच्या सखल पट्ट्यात जमतं. तिथली भूजलपातळी चढत चढत जमिनीला टेकते. अशा जागी पाय ठेवला की टाचेच्या खड्ड्यात लगेच पाणी भरतं, गवताच्या मुळांतून पाझर फुटलेले दिसतात. त्या पट्ट्यावर पडलेला प्रत्येक थेंब थेट ओढ्याला मिळतो, कारण आत जायला वाटच उरलेली नसते. पाऊस चालू राहिला की हा भिजून तुडुंब झालेला पट्टा रुंद होत उतारावर चढतो. सुरुवातीला पाणलोटाचा 5 टक्के भाग असा असेल आणि आठवड्याने 50 टक्के झाला असेल, तर तासाला पडणारा पाऊस तेवढाच राहूनही ओढ्याकडे थेट धावणारं पाणी दहापट होतं. आकाशात काहीच बदललेलं नसतं.

केरळमध्ये 2018 साली हेच झालं. जून आणि जुलैमध्ये पाऊस सरासरीपेक्षा जास्तच होता. जमीन भरली, धरणंही भरत आली. इडुक्की प्रकल्पाच्या चेरुथोनी धरणाचे दरवाजे 26 वर्षांनी उघडावे लागले ते 9 ऑगस्टला. मोठा तडाखा बसला तो त्यानंतर, 15 ते 17 ऑगस्टच्या पावसात. त्या तीन दिवसांत राज्यभरात सरासरी 400 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. एवढा पाऊस कुठेही पूर आणेलच, पण इथे पाण्याला ना मातीत जागा होती ना जलाशयांत.

म्हणूनच पुराचा अंदाज बांधणारे आजच्या पावसाबरोबर मागचा पाऊसही मोजतात. त्यासाठी एक साधा आकडा वापरतात : कालच्या आकड्याला 0.9 ने गुणा आणि आजचा पाऊस मिळवा. 0.9 का? कारण बाष्पीभवनाने आणि निचऱ्याने रोज थोडी ओल उडते. मातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे हा गुणक कमी-जास्त होतो. कोरड्या जमिनीवर एका दिवसात 100 मिलिमीटर पडला, तर आकडा 100. रोज फक्त 20 मिलिमीटर पडत राहिला, तर दोन आठवड्यांत आकडा 150 ओलांडतो आणि असंच चालू राहिलं तर 200 कडे सरकत जातो. (ज्यांना भूमिती श्रेणी आठवते त्यांनी 20 भागिले 0.1 करून पाहावं.) ज्या रिपरिपीची बातमी होत नाही, ती धो धो पावसाला अशी मागे टाकते. पर्जन्यमापक ठेवलेल्या कुणालाही हा आकडा वहीत मांडता येईल. उपग्रहही सूक्ष्मलहरींच्या मदतीने मातीची ओल मोजतात, मात्र त्यांची नजर वरच्या पाचेक सेंटिमीटरपलीकडे सहसा पोचत नाही.

शहरात मात्र हा आकडा जवळजवळ कुचकामी. सिमेंटला आठवण नसते. तिथे पहिल्या तासाचं पाणीही वाहूनच जातं, आणि पाऊस नेमका कुठे पडला यावर सारं ठरतं. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याची नोंद 75 मिलिमीटरच्याही आत होती.