जुन्या कॉम्प्युटरमध्ये तोळाभर सोनं? नाही!

जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध, म्हणूनच की काय, ‘जुन्या कॉम्प्युटरमध्ये तोळाभर सोनं निघतं’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. भंगारवाला त्यावरून भाव वाढवतो, नाहीतर बोर्ड फोडून टाकतो.

सोनं असतं, हे खरं. पण ते कनेक्टरवरचा मुलामा असतो, बहुतेक वेळा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड! जुन्या सिरॅमिक चिपमध्ये थोडं जास्त, तरी एका कॉम्प्युटरमधून एक ग्रॅमही हाती लागत नाही. ते काढायला नायट्रिक अॅसिड लागतं, त्याचा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. घरी हा प्रयोग कृपा करून करू नका.

मागच्या उन्हाळ्यात मी किलोच्या भावाने एक ४८६ बोर्ड, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, आणला. कोपऱ्यात निळी निकेल-कॅडमियम बॅटरी, तिच्याभोवती गळतीचा हिरवट बुरशीसारखा थर. हाच जुन्या बोर्डांचा खरा शत्रू. बॅटरी कापून काढली. गळती अल्कधर्मी असते, म्हणून कापसाने व्हिनेगर लावलं, पाण्याने धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटरने एकेक ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) तपासला. दोन तुटलेले निघाले, ते बारीक तारेने जोडले. स्क्रीनवर मेमरीचे आकडे पळू लागले तेव्हा डोळे भरून आले.

म्हणून विकत घेताना सोनेरी पिना मोजू नका, आधी बॅटरीची जागा बघा.