आजारपणाच्या रजेत पैसे: बीमा अस्पतालाच्या आधीपासूनची गोष्ट

इंदूरात नंदानगरच्या बीमा अस्पतालाजवळून जाताना नवीन मुलांना ते नुसतं एक सरकारी हॉस्पिटल वाटतं, पण मिलवाल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते औषधांचं नाही, "बीमारीच्या पैशाचं" बोलतील, म्हणजे आजारपणात घरी बसल्यावर कामगार विम्यातून मिळणाऱ्या पैशाचं. आमचे आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. दम्यानं दोन-दोन महिने घरी बसले तरी चूल पेटायची, ती या पैशावर.

हे आलं कुठून? इंग्रजांच्या काळात 1923 चा भरपाईचा कायदा होता, पण तो अपघाताचा, म्हणजे पट्ट्यात हात गेला तर पैसे, छातीत कापसाची धूळ जाऊन खोकत बसला तर जवळजवळ काही नाही. पुढे 1931 मध्ये मजुरांवरच्या रॉयल कमिशनने, व्हिटली कमिशन म्हणतात त्याला, आजारपणाचा विमा हवा असं लिहून दिलं आणि नेहमीप्रमाणे कागद कपाटात गेला. जर्मनीत हे 1883 मध्येच झालेलं, इंग्लंडात 1911 मध्ये, म्हणजे राज्यकर्त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही.

मग मार्च 1943 मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना योजना तयार करायला बसवलं. तेव्हा मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. आडारकरांनी 1944 मध्ये रिपोर्ट दिला, कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या तीनच उद्योगांपुरता, कारण बाकी देशाला पुरेल एवढी यंत्रणाच नव्हती. त्यावरूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो.

कायदा झाला पण लागू व्हायला चार वर्षं गेली. मालकांची कुरकुर साधी होती, आमच्याच शहरात योजना आली तर आमचाच माल महाग होणार, बाकीचे मजेत! त्यावर 1951 मध्ये दुरुस्ती करून देशभरच्या मालकांकडून विम्याची वर्गणी घ्यायचं ठरलं, जिथे योजना आली तिथे पगाराच्या 1.25 टक्के आणि जिथे नाही तिथे 0.75 टक्के, मजुराकडून मात्र योजना आल्यावरच. मला हा भाग फार हुशारीचा वाटतो. मग 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, कानपूरला पं. नेहरू होते, साधारण 1 लाख 20 हजार कामगार. बाकी शहरांत योजना नंतर टप्प्याटप्प्याने पोचली.

सुरुवातीला आजारपणाचे पैसे वर्षात 56 दिवस, आता 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के, आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीत निदान 78 दिवसांची हजेरी लागते. लांबलचक आजारांसाठी वेगळी सोय आहे, 34 आजारांची यादी, टीबी अगदी पहिल्या नंबरवर, त्यात 80 टक्के पगार आणि मुदत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय 1948 च्या कायद्यात कलम 73 होतं, या रजेवर असताना मालकाने काढायचं नाही. कागदावर तरी.

पण सगळं नोकरीला बांधलेलं. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, गेट बंद म्हणजे वर्गणी बंद, वर्गणी बंद म्हणजे काही महिन्यांत विमा पण संपला, आणि खोकला काय मिलबरोबर बंद होतो का.

आणि दुसरी अडचण वरच्या बाजूची. 1952 मध्ये योजना महिना 400 रुपयांपर्यंतच्या पगाराला होती. ही मर्यादा वाढत वाढत जानेवारी 2017 पासून 21,000 वर आली. वर्गणी जुलै 2019 पासून पगाराच्या कामगाराकडून 0.75 आणि मालकाकडून 3.25 टक्के. मर्यादेच्या वर पगार असेल तर प्रायव्हेटमध्ये आजारपणात काय मिळेल ते कंपनीच्या मर्जीवर, सीएल-एसएल, म्हणजे पगारी रजा, संपले की विदाऊट पे. आमचा एक भाचा विजयनगरला नोकरी करतो, त्याला मे महिन्यात इन्क्रिमेंट लागलं आणि पगार 21,000 च्या वर गेला, घरात पेढे वाटले. सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापली गेली, मग थांबली. पुढच्या जूनमध्ये ईएसआयच्या कार्डाची मुदत संपली आणि जुलैत त्याला कावीळ झाली.