घास अडतो आणि चिठ्ठीवर ‘स्पीच’ येतं

जेवताना पोराला ठसका लागला की आपण डोक्यावर थापटतो आणि म्हणतो, ‘वर बघ, वर बघ.’ मीही कित्येकदा म्हटलंय. गिळताना मान मागे गेली की श्वासनलिका उघडी राहण्याचा धोका वाढतो, हे कळल्यापासून मात्र जीभ चावतो.

ठाण्यात बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘स्पीच थेरपी’ वाचून बाहेर पडणारे आईवडील एक गोष्ट हमखास म्हणतात : ‘बोलण्याचं नंतर बघू हो, आधी तो जेवत नाही त्याचं काय?’ तक्रार रास्त आहे. गिळण्याचं काम बोलण्याच्या माणसांकडे कसं आलं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

खरं तर हे काम बराच काळ कुणाकडेच नव्हतं. वारंवार न्यूमोनिया झाला तर बालरोगतज्ज्ञ, वजन वाढेना तर आहारतज्ज्ञ, घसा असेल तर कान-नाक-घसा. तोंडातून काहीच जाईना तर नाकातून नळी. रुग्णालयात आजही जिला ‘राइल्स’ म्हणतात, ती इंग्लंडच्या जॉन राइल यांनी 1921 मध्ये आणली. पोट भरायची सोय झाली, पण गिळायला शिकवायचं कुणी?

वाट सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलांमुळे निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लंडनमध्ये कारेल आणि बर्टा बोबाथ या दांपत्याने अशा मुलांच्या हालचालींवर उपचारांची नवी पद्धत बसवायला घेतली. तिथे उच्चारांसाठी काम करणाऱ्यांना जाणवलं, की ताठरलेला जबडा, बाहेर ढकलणारी जीभ, न मिटणारे ओठ हे सगळं बोलण्याच्या कितीतरी आधी घासापाशीच दिसतं. स्वित्झर्लंडच्या वाक्-उपचारतज्ज्ञ हेलन म्युलर यांनी भरवतानाच जबड्याला बोटांचा आधार द्यायची रीत पुढे नेली. चमचा वरून ओतायचा नाही, समोरून खालच्या ओठाशी न्यायचा आणि ओठ मिटायची वाट बघायची. ही वाट बघणंच सगळ्यात अवघड, विशेषतः घड्याळाकडे बघत भरवणाऱ्यांना.

दुसरा धक्का क्ष-किरणांनी दिला. अमेरिकेत जेरी लोगमन यांनी बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारं द्रव्य) मिसळलेला घास घशातून उतरताना चित्रित करून तपासायची पद्धत रुळवली. त्यांचा पाठ्यग्रंथ 1983 चा. सुझन लँगमोर यांनी 1988 मध्ये नाकातून दुर्बीण घालून तेच बघायची पद्धत मांडली. या चित्रांत दिसलं, की काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अन्न शिरतं आणि ठसकाही लागत नाही. म्हणजे ‘ठसका नाही, मग ठीक आहे’ हा घरोघरचा हिशेबच चुकीचा निघाला. याच सुमारास फार लवकर जन्मलेली बाळं जगू लागली होती. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण 34 व्या आठवड्याच्या आसपास बसतो; त्याआधी आलेल्या बाळाला दूध ओढणं म्हणजे मोठीच कसरत.

आपल्याकडे वाक् आणि श्रवणाचं शिक्षण साठच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय संस्थेत उभं राहिलं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची. म्हणजे ठाणेकराने पोराला कडेवर घेऊन दादरला गाडी बदलायची. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्याकडे बोंडलं होतं, वाटी-चमचा होता आणि आजी होती. बोंडल्याची चोच गालाच्या आत टेकवून थेंब-थेंब सोडणाऱ्या बायकांचा हात मी कमी लेखणार नाही. पण त्याच घरात नाक दाबून दूध पाजलं जायचं, हेही खरं.

काम जवळ आलं ते गेल्या वीस वर्षांत. ठाणे-वाशी लोकल 2004 मध्ये सुरू झाली. नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र वाशीतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झालं, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. (पुढच्या वर्षी जिल्हा फुटला आणि ते ठिकाणही गेलं.) दुभंगलेली टाळू, डाउन सिंड्रोम अशी मुलं शोधायची आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवायची, अशी त्याची रचना. त्या केंद्रात वाक्-उपचारतज्ज्ञाचं पद धरलेलं आहे.

नाव मात्र जुनंच राहिलं. पदवीत श्रवण आणि वाचा आहे, गिळणं नाही. अपंगत्वाच्या 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांत वाचादोषही वेगळा नव्हता. 2016 च्या एकवीस प्रकारांत तो आला, पण गिळण्याचा त्रास स्वतंत्रपणे अजून नाहीच. मुलांच्या खाण्याच्या विकाराची सर्वमान्य व्याख्यासुद्धा 2019 मध्ये ठरली : आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि घरचं वातावरण, चारही बाजू धरून.

आता थेरपिस्ट पहिल्या भेटीलाच ‘घरचा डबा आणा’ म्हणाली तर नवल वाटू देऊ नका. डबा उघडतो, वरणभात निघतो, आणि सोबत एका बाजूने अर्धगोल कापलेला प्लास्टिकचा पेला येतो. कापलेल्या जागेत नाक मावतं, म्हणून शेवटचा घोट घ्यायला मान मागे टाकावी लागत नाही. पेज किती दाट हवी, हे ठरवायला आता आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, आणि साधन अगदी साधं : 10 मिलीची सिरिंज. खालचं तोंड बोटाने दाबून ती भरायची, बोट काढायचं, 10 सेकंद मोजायचे आणि आत किती उरलं ते बघायचं. 4 ते 8 मिली उरलं तर एक पायरी, 8 च्या वर उरलं तर त्याहून दाट. नाचणीचं सत्त्व गरम असताना सरसर उतरतं आणि निवलं की अडून बसतं, म्हणून ज्या तापमानाला भरवणार त्याच तापमानाला मोजायचं.