कपॅसिटर व इंडक्टर परिपथांचा स्पंदाला प्रतिसाद

विद्युतदाब एकदम वर चढतो, ठरावीक काळ तिथे टिकतो आणि पुन्हा खाली येतो, याला दाबाचा स्पंद म्हणतात. परिपथात नुसते रोधक असतील, तर प्रवाह या स्पंदाचीच हुबेहूब नक्कल करतो. कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) किंवा इंडक्टर (तारेचे वेटोळे) आला की ही नक्कल बिघडते, कारण हे दोन्ही घटक ऊर्जा साठवतात आणि साठा क्षणात भरत नाही की रिता होत नाही. कपॅसिटरची ऊर्जा विद्युत क्षेत्रात असते, म्हणून त्याच्या टोकांमधला दाब उडी मारू शकत नाही. इंडक्टरची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात असते, म्हणून त्यातला प्रवाह उडी मारू शकत नाही. सूत्रे पाठ करण्याआधी एवढे पक्के केले, तर पुढचे बहुतेक सगळे त्यातून काढता येते.

रोधक आणि कपॅसिटर एकसरीत जोडून ५ व्होल्टचा स्पंद दिला, तर पहिल्या क्षणी कपॅसिटरवर शून्य व्होल्ट असतात आणि सगळे ५ व्होल्ट रोधकावर पडतात. प्रवाह त्या क्षणी सर्वांत जास्त असतो. कपॅसिटर भरत जातो तसा रोधकावरचा दाब घटतो, प्रवाह घटतो आणि भरण्याचा वेगही मंदावतो. ही गती एकाच राशीवर ठरते, ती म्हणजे काल स्थिरांक : रोध गुणिले धारिता (कपॅसिटरची भार साठवण्याची क्षमता). १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले, तर तो १ मिलिसेकंद येतो. एका काल स्थिरांकात कपॅसिटर अंतिम दाबाच्या ६३.२ टक्क्यांपर्यंत पोचतो, तिनात ९५ आणि पाचात ९९.३ टक्क्यांपर्यंत. व्यवहारात पाचानंतर तो भरला असे धरतात.

खरी गंमत स्पंदाची लांबी आणि काल स्थिरांक यांच्या तुलनेत आहे. याच परिपथाला १० मिलिसेकंदांचा स्पंद दिला, तर कपॅसिटरवर जवळजवळ तोच चौकोनी आकार दिसतो, फक्त कोपरे गोल होतात. १० मायक्रोसेकंदांचा दिला, तर दाब जेमतेम ०.०५ व्होल्टपर्यंत चढतो आणि स्पंद संपतो. अशा आखूड स्पंदांसाठी कपॅसिटरवरचा दाब स्पंदाखालच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो, म्हणून या जोडणीला संकलक म्हणतात. १ मिलिसेकंद चालू, १ मिलिसेकंद बंद अशी मालिका दिली, तर पहिल्या स्पंदाअखेर ३.१६ व्होल्ट होतात आणि विरामात ते १.१६ पर्यंत उतरतात. दुसरा स्पंद शून्यापासून नव्हे, तर तिथून पुढे सुरू होतो आणि ३.५९ गाठतो. चार-पाच फेऱ्यांत दाब १.३४ आणि ३.६६ व्होल्ट यांच्यामध्ये झुलत राहतो. त्याची सरासरी बरोबर २.५ व्होल्ट, म्हणजे मूळ मालिकेचीच.

निर्गम, म्हणजे परिपथातून बाहेर घ्यायचा दाब, कपॅसिटरऐवजी रोधकावरून घेतला, तर चित्र उलटे दिसते. लांब स्पंदाच्या सुरुवातीला +५ व्होल्टचे टोक येते आणि विरून जाते. स्पंद संपताना स्रोत शून्यावर येतो, पण कपॅसिटरवर ५ व्होल्ट शिल्लक असतात, म्हणून रोधकावर -५ व्होल्टचे टोक उमटते. स्रोताने कधीच न दिलेला ऋण दाब परिपथात येतो तो असा. पुढच्या नाजूक घटकाला तो सोसेल का, हे आधी पाहावे लागते.

काल स्थिरांक न ओळखण्याची मोठी किंमत १८५८ च्या पहिल्या अटलांटिक तारयंत्र केबलला मोजावी लागली. केबलचा रोध लांबीबरोबर वाढतो आणि धारिताही, म्हणून संदेश पसरण्याचा काळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी आधीच दाखवले होते. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले. केबल कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी जास्त दाबाचे स्पंद सोडून पाहिले. दाब वाढवल्याने काल स्थिरांक बदलत नाही, आवरणावरचा ताण मात्र वाढतो. केबल काही आठवड्यांतच निकामी झाली.

इंडक्टरमध्ये प्रवाह त्याच वक्राने चढतो, पण काल स्थिरांक म्हणजे प्रवर्तकता (प्रवाहातल्या बदलाला इंडक्टर किती विरोध करतो ते) भागिले रोध. रोध वाढवला की इथे प्रतिसाद जलद होतो, आणि नवशिके इथेच अडखळतात. कारण साधे आहे : प्रवाह चढण्याचा सुरुवातीचा वेग फक्त दाब आणि प्रवर्तकता ठरवतात. रोध जास्त असला तर अंतिम प्रवाह कमी, म्हणून तो लवकर गाठला जातो. १०० मिलिहेन्री, १०० ओहम आणि ५ व्होल्ट यांना अंतिम प्रवाह ५० मिलिअँपिअर, काल स्थिरांक १ मिलिसेकंद.

स्पंद संपणे आणि स्विच उघडणे यांतला फरक इंडक्टरच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. स्रोत शून्यावर आला तर प्रवाह त्यातूनच फिरत विरतो. स्विच उघडला तर वाटच तुटते, आणि प्रवाह चालू ठेवण्यासाठी इंडक्टर लागेल तेवढा दाब उभा करतो. स्विचच्या टोकांमध्ये ठिणगी पडते किंवा ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, उलटा जोडतात. डायोडमुळे प्रवाह सावकाश विरतो आणि रिले थोडा उशिरा सुटतो. लवकर सोडवायचा असेल तर डायोडबरोबर रोधक किंवा झेनर (ठरावीक दाबाला उलट दिशेनेही वाहणारा डायोड) घालावा लागतो.

दोन्ही घटक एकसरीत आले की ऊर्जा एकातून दुसऱ्यात जाऊ-येऊ लागते. रोध हा (प्रवर्तकता भागिले धारिता) याच्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर स्पंदाच्या प्रत्येक कडेनंतर दाब अंतिम मूल्य ओलांडतो आणि विरत जाणारी आंदोलने दिसतात. या आंदोलनांचे गणित टॉमसन यांनीच १८५३ मध्ये मांडले.

ऑसिलोस्कोपच्या (दाबाचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) १०:१ प्रोबमध्ये, म्हणजे दाब दहापट कमी करून आत नेणाऱ्या जोडतारेत, हा सगळा विचार हातात धरता येतो. प्रोबमध्ये ९ मेगाओहम, उपकरणात १ मेगाओहम, आणि दोन्हींना समांतर धारिता. चौकोनी तरंग लावून प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवतात. कोपरा गोल असेल तर प्रोबची धारिता कमी पडते, वर टोक आले तर जास्त होते. दोन्ही भागांचे काल स्थिरांक सारखे झाले की कोपरा काटकोनी होतो.

स्पंद नॅनोसेकंदांत गेले की हे सोपे चित्र अपुरे पडते. कोअ‍ॅक्शियल केबलमध्ये (मधली तार आणि तिच्याभोवती धातूची नळी) संकेत एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो, म्हणून मीटरभर तारेचीही प्रवर्तकता आणि धारिता तिच्या लांबीभर पसरलेली धरून हिशेब करावा लागतो.