रॅपचे मंचीय सादरीकरण (मुंबई)

नवोदित रॅपरने ठरलेल्या थोडक्या वेळात, प्रेक्षकांसमोर माइकवर आपली रचना थेट म्हणून दाखवण्याचे कौशल्य. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांची गाणी २०१४-१५ मध्ये गाजली, २०१९ मध्ये मुंबईच्या रॅपरवरचा ‘गली बॉय’ चित्रपट आला आणि कॉलेजांचे महोत्सव, ओपन माइक, टॅलेंट शो यांत रॅप म्हणणारी मुले-मुली दिसू लागली. घरी गाणे रेकॉर्ड करणे आणि तेच गाणे उभ्याने पेलणे या मात्र दोन वेगळ्या विद्या आहेत.

दुसरीचा पाया श्वास. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर, म्हणजे मागे वाजणाऱ्या तालावर, चार ठोक्यांचा एक बार सुमारे २.७ सेकंदांत सरतो आणि सोळा बारांचे कडवे ४३ सेकंदांत. रेकॉर्डिंगमध्ये ते तुकड्यातुकड्यांनी घेता येते. मंचावर फिरत, हातवारे करत सलग म्हणावे लागते. त्यामुळे श्वासाची जागा लिहितानाच राखावी लागते. ती नसली की ओळींची शेपटे गळतात, आणि यमक नेमके तिथेच असते. मराठीत जोडाक्षरांनी गच्च भरलेली ओळ वेगात म्हटली तर शब्द कळेनासे होतात. अशी ओळ कागदावर कितीही देखणी असली तरी मंचासाठी सैल करावी. जिने चढताना किंवा धावताना कडवे म्हणणे हा यावरचा बिनखर्चाचा आणि उत्तम सराव आहे.

माइकची जाळी मुठीत धरण्याची लकब व्हिडिओंमधून उचलली जाते. ती टाळावी. मंचावरचे बहुतेक माइक समोरचा आवाज घेतात व मागचा गाळतात. जाळी झाकली की ही सोय मोडते, आवाज घुमल्यासारखा होतो आणि स्पीकर शिटी मारतो. माइक मॉनिटरकडे, म्हणजे मंचावर रॅपरकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरकडे, वळवला तरी शिटी येते. प, फ, ब, भ या अक्षरांचा धप्प आवाज येऊ नये म्हणून माइक ओठांसमोर किंचित तिरपा धरतात.

ओळींची टोके उचलून धरणारा साथीदार, म्हणजे हाइप-मॅन, मुख्य रॅपरला दम घ्यायला फुरसत देतो. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी हेच काम करतात. या शहराला ती रीत नवी नाही: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाने कामगारांचे मेळावे असेच जागवले होते. मराठीतून रॅप करणाऱ्यांनी शाहिरी ऐकावीच. समोरच्या गर्दीला धृपदात ओढून घेण्याचे इतके जवळचे शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही.

बीटच्या फाइलमध्ये स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज पूर्ण ठेवून वर ओठ हलवणे परीक्षकांच्या चटकन लक्षात येते. फार तर धृपदाला आधारापुरता आवाज ठेवावा. फाइल फोनवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे असावी. शब्द विसरले तर थांबू नये; बीट चालू राहते, पुढच्या बारवर पकडावे. ही सवय सायफरमध्ये लागते. तिथे मुले गोल करून उभी राहतात, पाळीपाळीने म्हणतात आणि अडखळलेल्याची जागा लगेच दुसरा घेतो.

मैदानातल्या आणि रस्त्यावरच्या कार्यक्रमांत, खास परवानगीचे दिवस सोडले तर, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. आधीचे कार्यक्रम लांबले की शेवटच्या स्पर्धकांची मिनिटे कापली जातात. त्यासाठी एक कडवे आणि धृपद एवढीच छोटी आवृत्ती वेगळी बसवून ठेवावी, तिच्या बीटसकट.