‘गोल्ड’ एसएमपीएस शांत असतोच असं नाही

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा. ‘आवाज न करणारा एसएमपीएस दाखवा’ असं कॉम्प्युटरच्या दुकानात म्हटलं, की बहुतेक वेळा ‘८० प्लस गोल्ड’चा खोका पुढे येतो. शिक्का खरा असतो, पण तुम्ही विचारलं आवाजाचं आणि तो सांगतो विजेचं.

८० प्लस ही २००४ पासूनची कार्यक्षमतेची प्रतवारी आहे. भिंतीतल्या प्लगमधून ओढलेल्या विजेपैकी किती आतल्या भागांपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच ती मोजते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर (क्षमतेच्या निम्मी वीज पुरवताना) ब्राँझ या खालच्या प्रतीला ८५ टक्के गाठावे लागतात, गोल्डला ९०. तुमचं मशीन ३०० वॅट खात असेल, तर ब्राँझ भिंतीतून साधारण ३५३ वॅट ओढेल आणि गोल्ड ३३३. उष्णता ५३ वॅटऐवजी ३३ वॅट. आपल्या २३० व्होल्टवर दोघांचेही आकडे थोडे सुधारतात आणि फरक आणखी कमी होतो. उष्णता कमी म्हणजे पंख्याला काम कमी, इथवर दुकानदाराचं बरोबर आहे.

पण तो पंखा किती वेगाने फिरवायचा, हे कंपनी ठरवते. किंमत खाली ठेवायला साधं स्लीव्ह बेअरिंग टाकलं आणि मशीन चालू होताच पंखा जोरात फिरवला, तरी गोल्डचा शिक्का जागेवरच राहतो. उलट मोठ्या, संथ पंख्याचा ब्राँझ त्याच्याहून शांत असू शकतो. पंख्याचा वेग निम्मा केला, की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. वीस वॅट उष्णता वाचवून कानांना एवढा फरक क्वचितच जाणवेल.

आवाजाची प्रतवारी वेगळी आहे. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था दोन शिक्के देते : कार्यक्षमतेसाठी ‘ईटा’ आणि आवाजासाठी ‘लॅम्डा’. खरेदीआधी पाहायचा तो लॅम्डा. १५ डेसिबलच्या खाली ए++, १५ ते २० मध्ये ए+, २० ते २५ मध्ये ए. हा आकडा कमी-जास्त सगळ्या लोडवरच्या आवाजाची सरासरी असतो, म्हणून टायपिंग आणि ब्राउझिंगपुरत्या वापरात एसएमपीएस त्याहून शांतच वाटेल. ११५ आणि २३० व्होल्टचे निकाल वेगवेगळे असतात. आपण २३० चा बघावा. माझं मत विचाराल तर लॅम्डा ए+ असलेला गोल्ड मिळत असताना निव्वळ शांततेसाठी त्याहून वरच्या प्लॅटिनम प्रतीचे जादा पैसे मोजू नयेत.

खोक्यावर ‘झिरो आरपीएम’ लिहिलेलं असलं तर तो पूर्ण बिनपंख्याचा समजू नका. पंखा आहेच, फक्त लोड आणि तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे जाईपर्यंत तो थांबलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात, बंद खोलीत ती मर्यादा लवकर ओलांडली जाते. त्यातही काही मॉडेलांत पंखा सारखा चालू-बंद होत राहतो, आणि मंद अखंड घरघरीपेक्षा ते जास्त खटकतं. अशा वेळी मागे पंखा असा थांबवणारं हायब्रिड बटण असेल तर ते बंद करून पंखा कायम संथ फिरू द्यावा.

एसएमपीएसवर फार खर्च करण्याआधी बाकीच्या पंख्यांकडेही पाहा. गेमिंग मशीनमध्ये बहुतेक वेळा सर्वात जास्त आवाज ग्राफिक्स कार्ड करतं. प्रोसेसरसोबत खोक्यात आलेला छोटा कूलर काढून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर बसवला आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्यांचा वेग उतरवला, तर तेवढ्याच पैशांत जास्त शांतता मिळते. लिक्विड कूलर म्हणजे आपोआप शांत, हाही गैरसमजच. त्याला पंखे असतातच, वर पंपाची गुणगुण.

आणि पंखे सगळे थांबलेले असतानाही बारीक ‘ची...’ असा आवाज येत असेल, तर ती कॉइलची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांच्या कंपनाची शीळ. ती बहुधा ग्राफिक्स कार्डातून येते, कधी एसएमपीएसमधून. गेमच्या मेनूत फ्रेम रेट (सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची संख्या) शेकड्यांत जातो तेव्हा ती वाढते. नवा एसएमपीएस घ्यायच्या आधी फ्रेम रेटला मॉनिटरच्या रिफ्रेश रेटएवढी (तो सेकंदाला जितक्यांदा चित्र बदलतो तेवढी) मर्यादा घालून बघा. ते फुकट आहे.